पाच दिवस गॅरेजात राहिलेली ऑक्टाव्हिया

कोणी आपली मॉडिफाइड गाडी विकायला काढली असेल, तर किल्ली दुसऱ्याच्या हातात देण्यापूर्वी त्याने माझी हकीकत वाचावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवणारे, टेस्ट ड्राइव्हला जाऊन परत न येणारे, यांच्याविषयी मी ऐकून होतो आणि त्यांच्यापासून सावधही होतो. मला फसवणाऱ्याने मात्र गाडी परत आणून दिली, तीही धुऊन-पुसून.

गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १७८१ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, नागपूरचीच एमएच ३१ पासिंग. कारखान्यातून ती १५० अश्वशक्ती घेऊन आली होती. दहा वर्षांत मी तिच्यात फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड, मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या के०३ या लहान मॉडेलच्या जागी मोठा के०४ टर्बो आणि गिअरबॉक्समध्ये प्लेटचे एलएसडी (दोन्ही पुढच्या चाकांना एकत्र ताकद देणारे डिफरन्शियल) बसवले, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, नव्याने ट्यून करून घेतला आणि ताकद मोजणाऱ्या डायनोवर २२० अश्वशक्तीचा आकडा पाहिला. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर तिने ४०२ मीटरचे अंतर १४.७ सेकंदांत कापले, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. आरसी, विमा, पीयूसी सगळे चालू होते. पंधरा वर्षे झाल्यावर, २०२० मध्ये, नोंदणीचे नूतनीकरणही झाले होते. त्या तपासणीपुरता मूळ सायलेन्सर परत चढवला होता, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी गाडी पावणेसहा लाखांना विकायला काढली. तिसऱ्याच दिवशी एक गृहस्थ खामल्याला घरी आले. बोलणे अदबीचे आणि गाडीची माहिती पक्की. बॉनेट उघडताच त्यांनी टर्बोच्या पाटीवरचा क्रमांक टॉर्च लावून वाचला, तेव्हा मला बरेच वाटले, कारण त्याआधी आलेले बहुतेक लोक फक्त "आवाज काढून दाखवा" म्हणणारे होते. गाडी रायपूरच्या एका पार्टीसाठी हवी आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांनी कोरा फॉर्म २९ आणि ३० (गाडीची मालकी नावावर करण्याचे फॉर्म) सही करून मागितला; मी साफ नकार दिला. त्यांनी तो नकार इतक्या सहज मान्य केला की माझा त्यांच्यावरचा विश्वास उलट वाढला. पंचवीस हजार रुपये टोकन त्यांनी माझ्यासमोर यूपीआयने पाठवले आणि ते बँकेत आल्याची मी खात्री करून घेतली.

"भाऊ, गाडी तर एक नंबर हाये, पण पार्टी म्हणते का इंजिनचं कॉम्प्रेशन एकदा चेक करून घ्या. दोन दिवस गाडी आपल्या गॅरेजात राहू द्या," असे ते म्हणाले. मागणी रास्त होती. एवढे काम झालेल्या इंजिनाची परीक्षा न करता कोणी पैसे मोजू नयेत, असे मीही म्हणालो असतो. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला असलेल्या एका गॅरेजात मी स्वतः गाडी नेऊन ठेवली. खरे पाहता कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणे, हे तासाभराचे काम आहे: प्लग काढायचे, गेज लावायचे, स्टार्टर मारायचा आणि चार आकडे लिहून घ्यायचे. त्यासाठी दोन दिवस कशाला लागतात, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. दोनाचे पाच दिवस झाले, मधला एक दिवस 'मिस्त्री लग्नाला गेला' यात गेला, आणि सहाव्या दिवशी ते गृहस्थ गाडी दारात उभी करून म्हणाले की दुसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी निघाले, पार्टी नाही म्हणते. ठरल्याप्रमाणे मी टोकन परत केले. वर चहाही पाजला.

त्या संध्याकाळी वर्धा रोडला गाडी फिरवून आणली, तर ती नेहमीपेक्षा चपळ वाटली, आणि मी बायकोला म्हणालोदेखील की बऱ्याच दिवसांनी इंजिन छान मोकळे झाले आहे. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. मोठा टर्बो उशिरा उठतो आणि वरपर्यंत ओढतो. लहान टर्बो लवकर उठतो आणि वरच्या आरपीएमला दमतो. मला जे छान वाटले, ते माझ्या गाडीत लहान टर्बो बसल्याचे लक्षण होते. आठवड्याने आउटर रिंग रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तेव्हा पाच हजारांच्या पुढे गाडीने जीव सोडला.

माझ्या नेहमीच्या मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली. टर्बोच्या पाटीवरचा क्रमांक ५३०३ ने सुरू होत होता. के०४ चा ५३०४ ने होतो. मॅनिफोल्डची गॅस्केट कोरी, आणि तीन नटांवर ताज्या पान्याचे चकाकते ओरखडे. मग त्याने गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढचे उजवे चाक हाताने फिरवले. प्लेटचे एलएसडी असले की डावे चाकही त्याच दिशेने फिरते. डावे चाक उलटे फिरू लागले. मिस्त्रीने काही न बोलता ते पुन्हा एकदा फिरवून दाखवले. इंटरकूलर, बूस्ट गेज (टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारा काटा), कॉइलओव्हर सस्पेंशन, म्हणजे जे डोळ्यांना दिसते ते सगळे जागच्या जागी होते. जे झाकलेले होते तेच गेले होते. ईसीयूतली फाइल जुनीच राहिल्यामुळे त्या लहान टर्बोवर त्याला न झेपणारा बूस्ट मागितला जात होता, तेव्हा तोही फार दिवस टिकला नसता. नुकसान साधारण दीड लाखाचे.

त्या गृहस्थांना फोन केला तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. "भाऊ, कम्प्लेंट करा ना. पण आरसीवर के०४ लिहिलं हाये का?" एवढेच विचारले. माझ्या मते या फसवणुकीचे सगळे गणित या एका प्रश्नावर उभे असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपण स्वतःच अडचणीत येऊ या भीतीने मालक गप्प बसणार, हे त्यांनी आधीच धरलेले असते. मीही तीन आठवडे गप्प बसलो.

वकिलांनी मला वेगळे सांगितले. गाडीतला बदल हा एक विषय आणि विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार हा दुसरा. पहिल्यामुळे दुसरा माफ होत नाही. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०६ खाली तक्रार करता येईल, पण पुरावा काय, असे त्यांनी विचारले. टर्बो एका ओळखीच्याकडून बिलाशिवाय घेतलेला, एलएसडी जुने विकत घेतलेले, पाटीच्या क्रमांकाचा फोटो नाही, आणि गाडी गॅरेजात ठेवताना कागदाचा एक चिटोराही लिहून घेतलेला नाही. पोलीस ठाण्यात माझा अर्ज घेतला गेला, त्या गृहस्थांना बोलावून जबाब झाला, आणि 'गाडी आली तशी परत दिली' या एका वाक्यावर सगळे थांबले. फॉर्मवर सही न करण्याची हुशारी दाखवणाऱ्या मला, इंजिनाच्या खोलीचे चार फोटो काढण्याची बुद्धी झाली नव्हती.

पुढे मी माळ्यावरून मूळ सुटे भाग काढून गाडी शक्य तितकी कंपनीच्या स्थितीत आणली, इंटरकूलर आणि कॉइलओव्हर वेगळे विकले, आणि गाडी अडीच लाखांना दिली. फॉर्म २९ आणि ३० खरेदीदारासोबत त्याच दिवशी आरटीओत दाखल केले, कारण नोंदीवर नाव आपले राहिले तर उद्याच्या अपघाताची भरपाईही आपल्याच गळ्यात येते.

मागच्या हिवाळ्यात मित्राने त्याची मॉडिफाइड होंडा सिटी विकायला काढली. त्याला एक फोन आला: गाडी पसंत आहे, टोकन लगेच पाठवतो, फक्त कॉम्प्रेशन बघायला दोन दिवस गॅरेजात ठेवा. मित्राने माझ्याकडे पाहिले आणि फोनवर सांगितले की तुमचा मिस्त्री आणि गेज घेऊन माझ्या घरी या, टेस्ट माझ्यासमोर करा, मी चहा करतो. पलीकडच्याने "विचारून सांगतो" म्हटले. तो फोन पुन्हा आला नाही.