५७५ माणसांचा शो आणि खोटं तिकीट

११ फेब्रुवारी २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये बीटल्सचा पॉल मॅकार्टनी वाजवणार, हे लोकांना कळलं त्याच दिवशी. जागा डिलॅन्सी स्ट्रीटवरचं बोवरी बॉलरूम, तिथे माणसं मावतात ५७५. एरवी स्टेडियमं भरवणारा हा माणूस चार पावलांवर उभा दिसणार होता. तिकिटं फक्त क्लबच्या काउंटरवर, स्वतः जाऊन, माणशी एक. बघता बघता हाउसफुल्ल. मग १२ आणि १४ तारखेला आणखी दोन शो झाले. २०१० च्या डिसेंबरात लंडनच्या १०० क्लबमध्येही तो असाच वाजवून गेला होता. ती जागा तर साडेतीनशे माणसांची.

अशा शोची बातमी पसरली की तासाभरात फॅन ग्रुपवर मेसेज पडतो: ‘एक तिकीट आहे, घरी अडचण आली, जमत नाहीये. घेतलं त्याच भावात देतो.’ शेजारच्या न्यू जर्सीत, जर्सी सिटी किंवा एडिसनमधून, ऑफिस सोडून धावता न आलेल्या माणसाला हा देवदूतच वाटतो. तिथेच तो फसतो.

भाव मुद्दाम मूळ किमतीचा सांगतात. दहापट मागितले तर माणूस सावध होतो. ‘मला नफा नको’ म्हटलं की विश्वास बसतो. दादरला प्लाझाबाहेरचा ब्लॅकवाला जास्त पैसे घ्यायचा, पण तिकीट खरं द्यायचा. इथे उलटं आहे.

विकणाऱ्याचं प्रोफाइल दहा वर्षं जुनं असतं, लग्नाचे फोटो असतात, ओळखीतले चार जण मित्रयादीत असतात. खातं खरंच असतं, फक्त ते चोरलेलं असतं. पुरावा मागितला की तो ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो पाठवतो आणि ‘तुमचंही पाठवा, आजकाल कुणाचा भरवसा नाही’ म्हणतो. ते लायसन्स बहुतेक वेळा आधी फसलेल्या कुणाचं तरी असतं, आणि तुम्ही पाठवलेलं पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवलं जातं. ओळखपत्राचा फोटो कुठल्याही कारणाने देऊ नका. त्याऐवजी लगेच व्हिडिओ कॉल मागा आणि त्याच कॉलवर ॲप उघडून तिकीट दाखवायला सांगा. ‘कॅमेरा बिघडलाय’ हे उत्तर आलं की विषय संपवा.

मोठ्या मैदानावरच्या खोट्या तिकिटात निदान सीटचा नंबर तपासता येतो. छोट्या क्लबात सगळे उभे असतात, रांग नाही, खुर्ची नाही, नकाशा नाही. त्यामुळे एकच क्यूआर कोड दहा जणांना विकता येतो. दारावर पहिला स्कॅन होतो तो आत जातो, उरलेल्या नऊ जणांना ‘आधीच वापरलेलं’ असा लाल शेरा. बाउन्सरशी हुज्जत घालून उपयोग नसतो. क्लबच्या दृष्टीने ते तिकीट कुणीतरी वापरलेलं आहे.

म्हणूनच स्क्रीनशॉट आणि पीडीएफवर पैसे देऊ नयेत. टिकेटमास्टर या तिकीट कंपनीच्या सेफटिक्स नावाच्या मोबाइल तिकिटाचा बारकोड दर १५ सेकंदांनी बदलतो, त्याच्या स्क्रीनशॉटला काही किंमत नाही. डाइस या तिकिटांच्या ॲपवर कोड शो जवळ आल्यावरच उघडतो. अशा शोचा चालू कोड कुणी आठवडाभर आधी फोटोत दाखवत असेल तर तो बनवलेला आहे. तिकीट हातात आलं हे तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ते विक्रेत्याच्या खात्यातून निघून तुमच्या ॲपमध्ये दिसतं. ‘ट्रान्सफर झालंय, ईमेल बघा’ एवढ्यावर समाधान मानू नका. तसा ईमेल पाच मिनिटांत तयार होतो.

पण सगळ्यांत पक्की खूण या कशातच नाही. ती शोच्या नियमात असते. कुठलाही सौदा करण्याआधी क्लबच्या अधिकृत पानावर जाऊन तिकीट कसं विकलं ते वाचा, मग स्वतःला विचारा की या माणसाकडे हे तिकीट आलं कसं. माणशी एकच तिकीट देणाऱ्या शोची ‘चार शेजारशेजारची तिकिटं’ कुणी विकत असेल, तर पुढे बोलायचंही कारण नाही. तिकिटावर नाव असेल आणि दारावर ओळखपत्र बघत असतील, तर खरं तिकीटसुद्धा तुमच्या कामाचं नाही. आणि फक्त काउंटरवर विकलेल्या शोची तिकिटं रीसेल साइटवर झळकत असतील, तर विकणाऱ्याकडे ती बहुधा नसतातच. आधी पैसे घ्यायचे, मग माल शोधायचा, असा तो धंदा. सर्चमध्ये सगळ्यांत वर दिसणारी जाहिरातही क्लबची समजू नका, पत्ता अक्षर न् अक्षर वाचा.

प्रवेशासाठी मनगटाला बांधतात त्या पट्टीचंही तसंच. कागदी पट्टीच्या चिकटभागाला बारीक काप असतात, काढायला गेलं की ती फाटते. ‘काढून ठेवलेली पट्टी’ पुन्हा चिकटवून आत जाता येत नाही.

पैसे ‘झेल’ (Zelle) या अमेरिकेतल्या बँक-टू-बँक सेवेवर किंवा पेपालच्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’वर मागतात, कारण तिथे खरेदीचं संरक्षण मिळत नाही. मुंबईत तेच यूपीआयवर चालतं, आणि तिकिटाच्या जागी ‘गेस्टलिस्ट’ किंवा टेबल विकतात. पहिली रक्कम गेली की ‘नाव बदलायची फी’, मग ‘ट्रान्सफर अडकलंय, परत मिळणारं डिपॉझिट भरा’. आधीचे पैसे वाचवायला माणूस नंतरचे भरतो. दुसरी मागणी आली की हात आखडता घ्या.

फसलात तर आधी चॅट, नंबर, व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या, ब्लॉक नंतर करा. भारतात ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा, रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. अमेरिकेत आधी बँकेला कळवा, मग एफबीआयच्या आयसीथ्री (IC3) या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार करा. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर वाद नोंदवता येतो, पण त्याला मुदत असते. ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणून मागाहून येणारा मेसेजही बहुधा त्याच टोळीचा असतो.

खरं तिकीट मिळायची शक्यता सगळ्यांत जास्त असते ती क्लबच्या दारावरच. बँड आणि रेकॉर्ड कंपनीसाठी राखलेल्या जागांपैकी काही बऱ्याचदा शोच्या दिवशी सुटतात, साउंडचेकनंतर किंवा अगदी दार उघडताना. बोवरी बॉलरूमला जायचं तर जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून फुल्टन स्ट्रीटला सबवेची ‘जे’ (J) ट्रेन, बोवरीला उतरायचं. ओळखपत्र आणि कार्ड बरोबर ठेवा, थोडी रोकडही. काउंटरवर विचारा, नाही म्हणाले तर तासाभराने पुन्हा विचारा. रांगेत शेजारी येऊन हळूच ‘एक एक्स्ट्रा आहे’ म्हणणाऱ्याला सांगा, चला, काउंटरवर स्कॅन करून बघू.