पिट्टी बेटावर पक्षी मोजायला पाठवतो सांगून भाचीचे वीस हजार खाल्ले, सावध राहा मंडळी

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात घर. भाची एमएस्सी झूलॉजी करतेय आणि पक्ष्यांचं वेड असं की थंडीत पहाटे गाडी काढून डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जाणार आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परत येणार. तिच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक पोस्टर फॉरवर्ड केलं. लक्षद्वीपमधलं पिट्टी बेट, समुद्री पक्ष्यांचं राखीव क्षेत्र, तीन आठवडे व्हॉलंटिअर म्हणून राहायचं, घरटी मोजायची, बीचवर कॉटेज, जेवण फ्री, शेवटी 'शासनमान्य' सर्टिफिकेट. जुलैची बॅच, जागा मोजक्याच. पीएचडीला अर्ज करणाऱ्या पोरांना असं सर्टिफिकेट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता यात खोटं काय पकडणार? पिट्टी खरंच आहे. लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती, तिच्यापासून थोडं दूर, समुद्रात एकटंच, आणि तिथे लक्षद्वीपचे दिवंगत खासदार पी. एम. सईद यांच्या नावाचं समुद्री पक्ष्यांचं कन्झर्व्हेशन रिझर्व्हही खरंच आहे. पोस्टरवर तेच नाव जसंच्या तसं छापलेलं, म्हणजे गूगल केलं की बातम्या येतात, फोटो येतात, सगळं जुळतं. या लोकांची हीच तर चलाखी, नाव खरं घ्यायचं आणि अकाउंट आपलं द्यायचं.

भाचीने फोन केला तर पलीकडचा माणूस चक्क मराठीत बोलला. आडनाव ऐकून म्हणाला, "अरे वा, बडोद्याचे का तुम्ही, मामांना द्या फोन, घरच्यांशी बोलल्याशिवाय मी मुलींना घेतच नाही." मग माझ्याशी बोलला, "मामा, आपलीच मुलगी समजा, मी स्वतः कोचीला उतरवून घेईन." गुजरातमध्ये राहून असं कोणी मराठीत आपुलकीने बोललं की माणूस अर्धा तिथेच विरघळतो हे त्याला बरोबर माहीत होतं.

आधी रजिस्ट्रेशनचे दीड हजार. मग परमिट आणि पोलिस क्लिअरन्सचे सहा हजार आठशे. (लक्षद्वीपला बाहेरच्यांना परमिट लागतं हेही खरंच, म्हणून कोणाला शंका आली नाही, पण ते परमिट प्रशासनाचं असतं, कोणाच्या खासगी यूपीआयवर त्याची फी जात नाही.) मग बारा हजार डिपॉझिट, रिफंडेबल म्हणे. दर वेळी क्यूआर कोड वेगळा, दर वेळी खात्यावरचं नाव वेगळं, विचारलं तर "अकाउंटंट बदलले" एवढंच. त्यानंतर साडेनऊ हजार मागितले, कोचीहून डायरेक्ट पिट्टीच्या जहाजाच्या तिकिटाचे.

नेमका तेव्हा माझा एक पक्षीवाला मित्र घरी आलेला, त्याने पोस्टर बघितलं आणि हसायलाच लागला. म्हणाला हा लाल-नारिंगी चोचीचा पक्षी म्हणजे पफिन, हा राहतो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात, लक्षद्वीपला याचं काय काम? आणि डायरेक्ट जहाज कसलं, कोचीहून जहाजं जातात ती वस्ती असलेल्या बेटांवर. पिट्टी म्हणजे नुसती वाळू आणि प्रवाळाचे तुकडे, माणूस राहत नाही, झाड नाही, बोट लावायची धड सोय नाही. तिथे कॉटेज कुठून आणली याने? त्यात जुलै म्हणजे भर पावसाळा, तिकडचा समुद्र तेव्हा खवळलेला असतो.

पण मला सगळ्यात पटलं ते त्याने पुढे सांगितलं ते. टर्न म्हणजे आपले सुरय, त्यांच्या तिथल्या जाती आणि नॉडी असे पक्षी असल्या बेटांवर वसाहत करून राहतात, बरेचसे तर उघड्या वाळूतच अंडी घालतात. माणूस जवळ गेला की सगळे उडतात, अंडी उन्हात तापतात, नाहीतर खेकडे वगैरे डल्ला मारतात. म्हणून तीन आठवडे पोरांची टोळी तिथे राहायला नेणं हा प्रकारच उलटा. जगात खरोखर व्हॉलंटिअर घेणारी बेटं आहेत, वेल्सचं स्कोमर घ्या, हवाईकडचं कुरे अटॉल घ्या. स्कोमरला राहायचे पैसेही घेतात, म्हणजे पैसे मागितले म्हणून लगेच फ्रॉड असं नाही. पण त्या लोकांचा जीव अडकलेला असतो तुमच्या बॅगेत. बॅगेतून एखादा उंदीर गेला तर अंडी-पिल्लांचा फडशा पडतो, बुटाला चिकटून बी गेलं तर भलतंच गवत माजतं, म्हणून कुरेच्या बाजूला जाताना कपडे नवे कोरे लागतात आणि तेही आधी 48 तास फ्रीझरमध्ये ठेवायला लावतात. आमच्या या फोनवरच्या साहेबांनी टी-शर्टची साइज विचारली, बूट-बॅगेबद्दल चकार शब्द नाही.

खात्री करायला मी लक्षद्वीपच्या वनविभागाचा नंबर शोधून फोन लावला, तिथल्या माणसाला आधी समजेचना मी काय विचारतोय, मग म्हणाला असलं काही नाही. त्याच संध्याकाळी पैसे परत मागितले तर मराठीत "मामा" म्हणणारा माणूस हिंदीवर आला, "जो करना है कर लो", आणि ब्लॉक.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटचे बारा हजार ज्या खात्यात गेले तिथे थोडी रक्कम होल्ड झालीय असं कळलंय, बाकीचे पुढे कुठेतरी वळते झालेले. जितक्या लवकर कळवाल तितकी खात्यात काही सापडायची आशा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

भाचीच्या ग्रुपमधल्या आणखी दोघींनी रजिस्ट्रेशन भरलंय, पण घरी कळेल म्हणून गप्प बसल्यात. पोरींनो, आमच्या तक्रारीत तुमचे पैसे येत नाहीत, ज्याचे गेले त्याने स्वतःची वेगळी तक्रार करावी लागते. चॅट डिलीट करू नका, प्रत्येक पेमेंटचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) काढून ठेवा, आणि घरी सांगायची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा, मी बोलतो तुमच्या आईबाबांशी.