सीलिंगमधले आणि भिंतीतले स्पीकर: खान्देशातल्या घराला काय मानवतं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नवीन बंगला किंवा रो-हाउस बांधताना फॉल्स सीलिंग आता जवळजवळ ठरलेलंच असतं, आणि त्याच्या मागोमाग ‘चार स्पीकरही बसवून टाका’ ही मागणी येते. कंपन्यांच्या माहितीपत्रकातलं घर मात्र पातळ बोर्डाचं, पोकळ भिंतींचं असतं. आपल्याकडे नऊ इंची विटेची भिंत, वर आरसीसी स्लॅब, त्याखाली पीओपी किंवा जिप्सम, आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जाणारा पारा. अशा घरात बाजारातले तीन प्रकार कसे उतरतात, त्याचा हा आढावा. निकाल आधीच सांगतो: छतात साडेसहा इंची, टू-वे (जाड आणि बारीक आवाजाला वेगळे भाग असलेला), ८ ओहमचा स्पीकर घ्यावा. १०० व्होल्ट लाइनचा घरात टाळावा. भिंतीतला स्पीकर टीव्हीमागे पॅनेल होणार असेल तरच घ्यावा, विटेत कोनाडा खणून अजिबात नाही.

इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसतं ‘सीलिंग स्पीकर’ म्हटलं की बऱ्याचदा हातात पडतो तो पीए सिस्टिमचा, म्हणजे सार्वजनिक घोषणांसाठीचा. अहुजासारख्या कंपन्यांचे हे स्पीकर शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्यासाठी बनलेले असतात आणि त्या कामात ते चोख आहेत. पाठीला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर ठरावीक वॅटचे टॅप, म्हणजे जोडणीची टोकं. लांब पल्ल्याची तार आणि एका अँप्लिफायरवर पुष्कळ स्पीकर चालावेत म्हणून ही १०० व्होल्टची सोय. हाच स्पीकर घरच्या एव्ही रिसीव्हरला (टीव्ही-गाण्यांचा आवाज स्पीकरना देणाऱ्या अँप्लिफायरला) जोडला तर काय होईल, ते गणितच सांगतं. ६ वॅटच्या टॅपवर त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा रोध) १०० गुणिले १०० भागिले ६, म्हणजे साधारण १,६६७ ओहम. रिसीव्हर अपेक्षा करतो ८ ओहमची. आवाज नावापुरता निघतो आणि दोष रिसीव्हरला दिला जातो. उलटी चूक जास्त महागात पडते: साधा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्ट लाइनवर थेट लावला की कॉइल जळते, नाहीतर अँप्लिफायर बसतो. खरेदीआधी पाठीमागचं लेबल वाचा. ‘८ ओहम’ लिहिलेलं हवं. फक्त वॅटचे टॅप दिसले तर तो घरचा माल नाही.

घरच्या प्रकारात यामाहा, पोल्क, जेबीएल, क्लिप्श अशी नावं मिळतात. नावापेक्षा चार गोष्टी तपासाव्यात. कोनाच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेची पट्टी रबराची हवी, फोमची नको. स्लॅब आणि फॉल्स सीलिंगमधली हवा वरच्या मजल्यावर खोलीपेक्षाही तापते, आणि तिथे फोम काही वर्षांत भुगा होऊन गळतो. कोन पॉलिप्रॉपिलिनचा असला तर पावसाळी दमटपणाचा त्रास कमी. ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा भाग) थोडा वळवता येणारा हवा, म्हणजे तो सोफ्याकडे रोखता येतो. जाळी चुंबकाने बसणारी घ्या. आपल्याकडची धूळ आणि जिनिंगच्या हंगामात उडणारा कापसाचा तूस पाहता जाळी वरचेवर काढावी लागते, आणि खाचेत दाबून बसवायची जाळी दोन-चार वेळा काढली की वाकते.

वॅटच्या आकड्याला फार भुलू नये. सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल असलेला स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो. साडेनऊ फुटांच्या सीलिंगखाली सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान साडेतीन फुटांवर असतो, म्हणजे अंतर सहा फूट, साधारण १.८ मीटर. तिथवर पोचताना सुमारे ५ डेसिबल घटतात, तरी १ वॅटला ८३ उरतात. १० वॅटला ९३. गप्पा मारताना लावलेल्या गाण्याला एवढंही लागत नाही. ‘२०० वॅट’ छापलेला स्पीकर ५० वॅटवाल्यापेक्षा चांगला वाजेलच असं नाही.

आठ इंची स्पीकरचा मोह होतो, पण तो खोल असतो आणि छिद्रही मोठं मागतो. साडेसहा इंचीला साधारण चार इंच खोली पुरते. वर तारेसाठी आणि हवेसाठी जागा धरून सीलिंग स्लॅबपासून किमान सहा इंच खाली हवं. पीओपीवाल्याने चार इंचांतच काम उरकलं असेल तर स्पीकरची पाठ स्लॅबला टेकते आणि क्लिपा बसतच नाहीत. म्हणून स्पीकर आधी विकत घ्या, तो किती खोल आहे ते मोजा, आणि मगच सीलिंगची उंची ठरवा. आपल्याकडे हा क्रम हमखास उलटा होतो.

माहितीपत्रकात ज्याचा उल्लेख क्वचित असतो ती वस्तू म्हणजे पाठीमागची पेटी. ती नसली तर स्पीकर संपूर्ण पोकळीत वाजतो: पंख्याचा रॉड, एलईडी पॅनेलच्या स्प्रिंगा, सीलिंगच्या सांगाड्याचे जीआय (जस्ती पत्र्याचे) चॅनेल, सगळं खरखरतं. शिवाय पाली, उंदीर आणि वरून झडणारं सिमेंट थेट कॉइलपर्यंत पोचतं. गावातला सुतार १२ मिलिमीटर प्लायची पेटी सहज करून देतो. आतून ३५ बाय ३५ सेंटिमीटर आणि १४ सेंटिमीटर उंच अशी पेटी सुमारे १७ लिटरची होते. साडेसहा इंचीला ती चालते. कोपरे सिलिकॉनने बंद करावेत आणि आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरावा, ठासून नाही. या पेटीसाठी मात्र सीलिंग सात इंच खाली घ्यावं लागतं, आणि तिचं वजन जिप्समवर न टाकता अँकर फास्टनर व तारेने स्लॅबला लटकवायचं. एवढ्या कमी खर्चात आवाजात इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट या सगळ्या कामात नाही.

जागा ठरवताना सरळ हिशोब: स्पीकरचा उपयोगी आवाज साधारण ९० अंशांच्या शंकूत पसरतो. कानापासून सहा फूट वर असेल तर खाली १२ फूट व्यासाचं वर्तुळ झाकलं जातं. म्हणजे १२ बाय २० च्या हॉलला दोन स्पीकर, एकमेकांपासून दहा-एक फुटांवर, पुरतात. सहा-आठ लावल्याने आवाज गोड होत नाही, फक्त गोंधळतो. भिंतीपासून दोन फूट तरी सोडा. कोपऱ्यात घुमणारा, फुगलेला बेस येतो. पंख्याच्या पात्याच्या टोकापासूनही दोन फूट दूर ठेवा, नाहीतर फिरत्या पात्यांतून आवाज थरथरत येतो. स्वयंपाकघरात एकच स्पीकर असेल तर दोन ट्वीटरवाला ‘सिंगल स्टिरिओ’ घ्या आणि शेगडीपासून लांब लावा. फोडणीची वाफ आणि धूळ मिळून जाळीची भोकं बुजवतात.

टीव्हीचा मुख्य आवाज छतातून काढण्याची टूम मात्र आवर्जून टाळावी. पडद्यावरचा माणूस बोलतो आणि शब्द डोक्यावरून पडतात. हे कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. छतातल्या स्पीकरची खरी जागा अ‍ॅटमॉसमध्ये आहे. डॉल्बीचं, डोक्यावरूनही आवाज ऐकवणारं हे तंत्र २०१२ साली चित्रपटगृहात आणि २०१४ मध्ये घरात आलं. वर दोनच स्पीकर असतील तर ते बसण्याच्या जागेच्या अगदी किंचित पुढे. चार असतील तर पुढची जोडी कानापासून वर सुमारे ४५ अंशांवर आणि मागची जोडी तशीच मागे. कानावर सहा फूट उंची असेल तर ४५ अंश म्हणजे सहा फूट पुढे आणि सहा फूट मागे. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर मागची जोडी बसतच नाही. तिथे दोनवर थांबावं आणि उरलेले पैसे सबवूफरवर (फक्त बेसच्या स्पीकरवर) घालावेत.

आता भिंतीतले. हा माल मुळात वाईट नाही, पण तो पोकळ भिंतीसाठी जन्मलेला आहे. विटेत २० बाय ३० सेंटिमीटर आणि १० खोल असा कोनाडा खणला तर आतली हवा फक्त ६ लिटर. एवढ्याशा हवेवर साडेसहा इंची कोन दबून जातो: खालचा बेस जातो आणि मधला बेस फुगतो, पुरुषी आवाज पिंपातून आल्यासारखे वाटतात. २० लिटर हवे असतील तर ३५ बाय ६० सेंटिमीटरचं भगदाड पाडावं लागेल, तेही फक्त नऊ इंची भिंतीत. साडेचार इंची भिंतीत हा प्रयोग करायचाच नाही, आणि कॉलम किंवा बीमला छिन्नी लावायची नाही. त्याऐवजी टीव्हीची भिंत चार इंच पुढे घेऊन जीआय स्टड (उभ्या पट्ट्या) आणि प्लाय-जिप्समचं पॅनेल केलं तर भिंतीतला स्पीकर मनासारखा वाजतो. तिथे दोन स्टडमधली जागा वर-खाली आडव्या पट्ट्यांनी बंद करावी, ट्वीटर जमिनीपासून ३८ ते ४२ इंचांवर ठेवावा आणि मधला स्पीकर टीव्हीच्या लगेच खाली. पॅनेल होणार नसेल तर साधे, फळीवर ठेवायचे बुकशेल्फ स्पीकर कमी पैशांत जास्त देतात.

तारेत फसवणूक सर्रास होते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार ‘कॉपर’ म्हणून विकली जाते. तिचा रोध त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट. ब्लेडने एक तंतू खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. महागडी ‘ऑडिओ केबल’ लागत नाही. चांगल्या कंपनीची दोन कोरची बहुतंतू तांब्याची फ्लेक्सिबल तार पुरते, फक्त दोन्ही कोर वेगळ्या रंगाच्या हव्यात. १.५ चौरस मिलिमीटरची तार १५ मीटर टाकली तर जाऊन-येऊन रोध ०.३६ ते ०.४ ओहम होतो, ८ ओहमच्या ५ टक्क्यांत बसतो. त्यापुढे २.५ घ्या. १ चौरस मिलिमीटर एवढ्या अंतराला कमी पडते.

प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र तार, थेट रिसीव्हरच्या जागेपर्यंत, २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून. एकाच पाइपात लाइटची वायर घालायची नाही. समांतर असेल तर फूटभर अंतर, ओलांडायचं असेल तर काटकोनात. स्पीकरच्या तारेत गुणगुण शिरणं तसं कमीच, पण २३० व्होल्टच्या वायरचं आवरण सोललं तर रिसीव्हर आणि माणूस दोघांनाही धोका. सबवूफरची सिग्नल केबल मात्र गुणगुण लगेच पकडते, तिला एलईडी ड्रायव्हरपासून दूर न्या. तीन फूट तार गुंडाळून प्रत्येक जागी सोडा. सीलिंग बंद होण्याआधी टेप लावून प्रत्येक जागेचा भिंतीपासूनच्या मापासह फोटो काढा.

जिप्सममध्ये सीलिंग सेक्शन (बोर्ड धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) साधारण ४५० मिलिमीटरवर असतात. स्पीकर बरोबर दोघांच्या मध्ये यायला हवा. छिद्र कापण्याआधी मध्यभागी छोटं भोक पाडून वाकवलेली तार आत फिरवा, चॅनेल आडवा आला तर तेव्हाच कळेल. छिद्र डब्यातल्या टेम्प्लेटनेच आखा, जाळीच्या मापाने नव्हे. जाळीएवढं कापलं गेलं की तो बोर्ड वाया. क्लिपांचे स्क्रू हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. ड्रिलने आवळले की १२.५ मिलिमीटरचा बोर्ड चुरगळतो. आत जाळी घालून केलेल्या पीओपीत जाडी जागोजाग बदलते आणि कापताना भेगा जातात, म्हणून तिथे मिस्त्रीकडून छिद्रं आधीच गोल सोडून घ्यावीत. पीव्हीसी पॅनेलचं सीलिंग यासाठी सगळ्यात वाईट. पातळ पट्ट्या थरथरतात. मागे प्लायची कडी दिल्याशिवाय तिथे स्पीकर टांगू नये.

बसवल्यावर दीड व्होल्टच्या सेलने तपासा: सेलचं धन टोक स्पीकरच्या धन तारेला टेकवलं की कोन बाहेर यायला हवा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोघांचा बेस एकमेकांना मारतो. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. शून्य आलं तर बोर्डाचा स्क्रू तारेत घुसला आहे असं समजा. हा दोष वारंवार सापडतो.

रिसीव्हरच्या एका चॅनेलवर चार स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमवर येतो आणि थोड्या वेळात प्रोटेक्शन पडतं, म्हणजे रिसीव्हर स्वतःच बंद होतो. दोन-दोनच्या जोड्या सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या समांतर केल्या तर पुन्हा ८ ओहम होतात. रिसीव्हर बंद कपाटात ठेवू नका, वर चार-सहा इंच मोकळे आणि मागून हवा जायला वाट हवी. मे महिन्यात भुसावळसारख्या ठिकाणी काचेच्या दाराआडचा रिसीव्हर गाण्यापेक्षा बंदच जास्त राहील. भारनियमनात इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह हवा, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो.

सेवेबद्दल: खान्देशात पीएचं काम करणारे अनुभवी हात पुष्कळ आहेत, घरच्या ऑडिओचे कमी. काम देताना कोटेशनमध्ये स्पीकरचं मॉडेल, छिद्राचं माप, तारेची जाडी व धातू, आणि बंद करण्याआधीची मल्टिमीटर तपासणी लिहून मागा. जो हे लिहून देतो त्याला काम द्यावं, थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. पाहणीला आल्यावर कोण टेप काढतो आणि कोण नुसताच डिस्काउंट सांगतो, तेही बघा.

गावाकडच्या जुन्या धाब्याच्या घरात मात्र यातलं काहीच करू नये. सागाच्या कड्यांवरची माती बारीक झडत राहते आणि छत कापण्यासारखं नसतं. तिथे ब्रॅकेटवर दोन बुकशेल्फ स्पीकर, कड्यांच्या बाजूने उघड्या पट्टीतून नेलेली तार, आणि स्पीकरवर पातळ कापडी आच्छादन एवढंच योग्य.