मर्क्रूझर अल्फाची खालची शिफ्ट केबल: मूळ किट घ्या, बेलोजसकट बदला

नुसती उभी असलेली बोटही बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी, पाणी घेतेय आणि ते पाणी ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या भिंतीतून) आत येणाऱ्या, गिअर बदलणाऱ्या शिफ्ट केबलपाशी दिसतंय, तर मर्क्युरीचं ८६५४३६ए०३ हे किट घ्या. अल्फा म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसणारा, पंखा फिरवणारा मर्क्युरीचा ड्राइव्ह. जुन्या अल्फा वनला आणि १९९१पासूनच्या जेन टूला (दुसऱ्या पिढीला), दोन्हींना तेच लागतं. मर्क्युरीच्याच ब्राव्हो ड्राइव्हची केबल वेगळी, तिला हे चालणार नाही.

आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते पाहा. केबल फडक्याने कोरडी पुसा आणि टॉर्च धरून थांबा. छिद्राच्या कडेने ओघळ आला तर रबरी बेलोज (केबलवरची घडीदार नळी) फाटलाय किंवा त्याची पकड सुटलीय. छिद्र कोरडं, पण इंजिनाखाली केबलच्या अंगातूनच थेंब पडतायत, तर पाणी केबलच्या पोटातून येतंय. तिचं बेल हाउसिंगकडचं (ट्रान्समबाहेर ड्राइव्ह ज्यावर बसतो त्या भागाकडचं) टोक पाण्याखाली असतं. आतल्या तारेच्या कडेने पाणी पुढे सरकतं आणि आवरण जिथे घासून किंवा एक्झॉस्टला टेकून फाटलंय तिथे बाहेर पडतं. शिफ्ट प्लेट, म्हणजे इंजिनाकडे केबल जोडलेली असते ती पट्टी, पाण्याच्या पातळीच्या वर असल्यामुळे तिकडच्या टोकाला बहुधा काहीच दिसत नाही. नवा बेलोज चढवूनही गळती थांबली नाही, अशा तक्रारीत बहुतेकदा हेच निघतं.

म्हणूनच हे किट पटतं: केबल, बेलोज आणि क्लॅम्प एकत्र येतात. ड्राइव्ह उतरवायची मेहनत दोन्हींसाठी तेवढीच, मग एकच बदलून काय साधणार? आतून छिद्राभोवती सिलिकॉन फासणं तर मुळीच नको. ड्राइव्ह वळला, उचलला की केबल हलते आणि सिलिकॉन सुटतं. तोवर फाटलेला बेलोज पाण्याने भरलेला राहतो.

काम बोट पाण्याबाहेर काढूनच करायचं. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात बोटी वर घेतात, तो वेळ उत्तम. ड्राइव्ह काढण्याआधी गिअर फॉरवर्डमध्ये टाका, नाहीतर तो सुटत नाही. आत शिफ्ट प्लेटवर तारेचं टोक सोडवून तार ड्राइव्हच्या बाजूने ओढून काढा. केबलचं बाहेरचं आवरण बेल हाउसिंगमध्ये आट्यांनी बसलेलं असतं. त्यासाठी खाच असलेला खास सॉकेट लागतो, आणि तो किटमध्ये नसतो. पक्कड लावली की कडा गोल होतात. खारं पाणी लागलेल्या बोटीत आटे जाम असतील तर आधी उष्णता द्या. नवीन बसवताना आट्यांना थोडंच सीलंट लावा. तारेच्या वाटेत गेलं तर गिअर जड होतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे बेलोजचं लहान तोंड. ते केबलवरच दाबकड्याने आवळायचं असतं. कडं एका बाजूने चेपलं तर दुसरीकडे फट राहते आणि गळती नव्याने सुरू होते. क्रिंपिंगची पक्कड वापरा आणि कडं सगळीकडून सारखं दाबा. मोठ्या तोंडाच्या क्लॅम्पचा स्क्रू पुढे कधीही हाती लागेल असा वळवून ठेवा. रबर कापेल इतका मात्र आवळू नका. केबल आत नेताना तीव्र वाक नको आणि एक्झॉस्टचा स्पर्श नको.

किटबद्दल तक्रार एकच. सोबतच्या कागदावर गिअर जुळवणीचं सविस्तर दिलेलं नाही, त्यासाठी सर्व्हिस मॅन्युअल हाताशी हवंच. ड्राइव्हचा गॅस्केट आणि ओ-रिंगही वेगळे घ्यावे लागतात. जुनेच पुन्हा बसवू नका. ड्राइव्हचे सहा नट ६८ न्यूटन-मीटरला, म्हणजे ५० फूट-पौंडला आवळा.

स्वस्तातली नक्कल किट घ्यायचीच तर बेलोजचं रबर दुमडून पाहा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर परत करा.

बोट पाण्यात उतरवल्यावर ड्राइव्ह दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, खाली-वर करा, आणि प्रत्येक वेळी आत केबलपाशी कोरडा टिश्यू टेकवून पाहा. मग अर्धा तास तशीच उभी ठेवून पुन्हा बघा, आणि तेव्हाही टिश्यू कोरडा निघाला तरच बोट नांगरावर सोडून जा.