आठ महिने पोटावर बॅग: गळती, जळजळ आणि नाडीचा घोटाळा

मागच्या श्रावणात अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) माझं मोठं आतडं काढलं आणि पोटाच्या उजव्या बाजूला इलिओस्टॉमी आली, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि त्यातून येणारा मल वर चिकटवलेल्या बॅगेत जमतो. आता एप्रिल चालू आहे. पहिले तीन महिने मी बॅगेच्या नावाने बोटं मोडण्यात घालवले, तेव्हा आधी कबुली देते: बॅग बरीचशी निर्दोष होती.

तेव्हा रात्री अडीच-तीनला कूस बदलली की कमरेशी गरम ओल लागायची. उठा, दिवा लावा, चादर बदला. प्लेट, म्हणजे बॅग कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती, चार दिवस टिकते म्हणतात, माझी दीड दिवसात सुटायची. खालची कातडी लालबुंद, ओली, आणि पाणी लागलं तरी ब्रह्मांड आठवायचं. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो आणि त्यात पाचक रस असतात. त्यांना कातडी आणि वरणभात यातला फरक कळत नाही.

मी काय काय लावलं! खोबरेल तेल, बाळाची पावडर, कुठलंसं मलम. तेलकट कातडीवर प्लेट चिकटतच नाही, म्हणजे गळती आणखी लवकर. सुटलेल्या कडेवर चिकटपट्टीही लावून पाहिली. मल आतच कोंडला आणि सकाळपर्यंत सालटं निघालं.

शेवटी स्टोमा सिस्टरकडे, म्हणजे स्टोमाची काळजी शिकवणाऱ्या नर्सकडे गेले. त्यांनी प्लेट काढून बघितलं आणि विचारलं, "ताई, माप शेवटचं कधी घेतलंत?" प्लेटला स्टोमाच्या मापाचं भोक कापायला मी दवाखान्यातून आणलेला कागदाचा साचाच वापरत होते, 40 मिलिमीटरचा. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढचे सहा-आठ आठवडे तो आकसत जातो, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. माझा आकसून 28 झाला होता. म्हणजे चहूबाजूंनी 6 मिलिमीटर उघडी कातडी, आणि तिच्यावर दिवसरात्र तो मल. आता मी 30चं भोक कापते. कोणतंही नवं सामान घेण्याआधी हा फुकटातला उपाय करून बघा.

दुसरी गोष्ट त्यांनी मला खुर्चीवर बसवून दाखवली. उभी असताना पोट सपाट, बसले की स्टोमाच्या खाली आडवी घडी. मल त्या घडीतून वाट काढायचा. म्हणून सपाट प्लेटऐवजी मधे फुगीर असलेली कॉन्व्हेक्स प्लेट, घडीत भरायला मऊ बॅरियर रिंग आणि वरून बेल्ट. कॉन्व्हेक्स प्लेट मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका, चुकीची बसली तर कातडीला दाबून जखम करते. खर्च वाढला, रिंगचे पैसे वेगळे. पण प्लेट साडेतीन दिवस टिकायला लागली, त्यामुळे महिन्याचं बिल उलट थोडं उतरलंच.

तिसरं कारण मात्र सिस्टरांनाही सुचलं नव्हतं, ते माझ्या सासूबाईंनी पकडलं. परकराची नाडी! ती बरोबर बॅगेच्या मधून जायची. खाली मल उतरायला वाव नाही, मग तो वर साचून प्लेटखाली शिरणार. आता घरात इलॅस्टिकचा परकर, आणि लग्नाकार्याला नाडी स्टोमाच्या बरीच वर. साडी सुटली नाही अजून, ना माझी, ना अंगावरची.

कातडीसाठी शेवटी उपयोगी पडली ती स्टोमा पावडर. फक्त ओल्या जागी भुरभुरवायची, जास्तीची झटकून टाकायची, वरून अल्कोहोल नसलेला बॅरियर स्प्रे, आणि पूर्ण वाळू द्यायचं. गरज वाटली तर पुन्हा एक थर. पावडरचा ढीग राहिला तर प्लेट धरत नाही. आठवड्यात कातडी बरी झाली. डिसेंबरात लाल चट्ट्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या आल्या, तेव्हा पावडरीने काही होईना. ती बुरशी निघाली, डॉक्टरांचं औषध लागलं.

प्लेट बदलते सकाळी, चहाच्याही आधी. तेव्हा स्टोमा सगळ्यात शांत असतो. साध्या कोमट पाण्याने पुसते, साबण नाही. लावल्यावर पाच मिनिटं हाताचा पंजा वर दाबून धरते, ऊब लागली की ती नीट बसते. प्लेटखाली खाज सुटली तर वाट बघत नाही, लगेच काढते. ती खाज म्हणजे मल आत शिरल्याची पहिली वर्दी.

अकोल्याचा उन्हाळा ही वेगळीच परीक्षा. घामाने प्लेट दोन दिवसांत विरघळल्यासारखी होते, तेव्हा सध्या दिवसाआड बदलते. सामानाचा खोका पत्र्याच्या खोलीतून आत आणला. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही जातं, म्हणून ओआरएस जवळच असतं. साबुदाणा, केळं, भात यांनी मल जरा घट्ट येतो.

गेल्या सहा आठवड्यांत एकदाच गळलं, पुतण्याच्या साखरपुड्यात. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, आणि मी जिलेबी वाढत बसले होते. बेल्ट उन्हात टोचतो, त्याखाली जुन्या धोतराची पट्टी घालते आहे. तेवढ्यावर अजून तोडगा सापडलेला नाही.