नाक धुण्याची बाटली: वर्षभर वापरल्यावर

मेडिकलमध्ये मिळते ती २४० मिलीची दाबायची बाटली आणि सोबत मिठाच्या पुड्या. फोंड्यातला अख्खा पावसाळा तिच्यासोबत काढला, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

पहिलंच सांगतो, नाकात वाढलेलं मांस हिनं जात नाही. पॉलिप म्हणजे सुजून लोंबायला लागलेलं आतलं अस्तर. ते आवरायला स्टेरॉइडचा फवारा लागतो, फारच वाढलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. माझं ऑपरेशन झालेलं आहे, आणि बाटलीचा खरा उपयोग त्यानंतरच कळला. सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, तोंडं मोकळी झाली की पाणी आत पोचतं; त्याआधी ते बहुतेक नाकातल्या नाकात फिरून बाहेर पडतं. ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असंही नाही. सूज कायम राहिली तर पॉलिप पुन्हा येतात, म्हणून फवारा चालूच.

आधी धुवायचं, थोड्या वेळानं फवारा. शेंबडाच्या थरावर मारलेलं औषध शेंबडावरच राहतं. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं मारायचं, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर रोज मारलं तर रक्त येतं. काउंटरवर हे कोणी सांगत नाही.

आजोबांची लोट्याची जलनेती मीही केली आहे. लोट्यातलं पाणी आपल्या वजनानं वाहतं, घट्ट चिकटलेल्या शेंबडाला ते दाद देत नाही. इथे दाब आपल्या हातात असतो. पण जोरात आवळली की कानात दडा बसतो.

पाण्याबाबत मात्र तडजोड नाही. आमच्या विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी उकळून कोमट केल्याशिवाय नाकात नको. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदू गाठतो. केरळात यानं माणसं दगावली आहेत.

पुड्या महाग पडतात. घरी करायचं तर बाटलीभर पाण्याला साधारण २ ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर साध्या पाण्यासारखं झोंबतं.

फरक काय पडला? बांगड्याच्या हुमणातलं, म्हणजे कालवणातलं, तिरफळ आता ताटावर बसण्याआधी वासानं कळतं. गॅस गळतोय का, हे मात्र अजून बायकोच्याच नाकाला विचारावं लागतं. जुलैत भिंतींना बुरशी धरली की पुन्हा चोंदतं, तेव्हा दिवसातून दोनदा धुतो. चटकन नाक उघडणारे थेंब तेव्हा फार मोहात पाडतात. ते आठवडाभराच्या वर घातले तर थेंबांनीच नाक बंद पडायला लागतं.

बाटलीची तक्रार एकच: पावसाळ्यात आतली नळी वाळत नाही आणि काळे ठिपके धरते. रुंद तोंडाची घ्या, तीन महिन्यांनी बदला. आणि धुतल्या धुतल्या आडवे होऊ नका, सायनसमध्ये अडकलेलं पाणी अर्ध्या तासानंही उशीवर येतं.