कोकोनिनो की नॅवाहो? वाळवंटी खडकातले ठसे बघायला जाताना

ॲरिझोनातलं ग्रँड कॅन्यन आणि युटातलं झायन राष्ट्रीय उद्यान एका सहलीत बसतात, बरेच जण बसवतातही. पण खडकातले प्राचीन प्राण्यांच्या पावलांचे ठसे निवांत बघायचे असतील तर एका ठिकाणी अख्खा दिवस द्यावा लागतो. मग ठरवावंच लागतं: ग्रँड कॅन्यनच्या कड्यातला कोकोनिनो वालुकाश्म, की युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरचा नॅवाहो? मी दोन्हीकडे हिंडलो आहे. फिनिक्सला आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास हा प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही खडक म्हणजे वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या. कोकोनिनो साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचा, नॅवाहो १९ कोटींच्या आसपास. मधल्या काळात डायनोसॉर अवतरले, त्यामुळे घरातल्या मुलाला डायनोसॉरच हवा असेल तर कोकोनिनोत तो मिळणार नाही. भव्यतेतही नॅवाहोच सरस. झायनमध्ये त्याची जाडी सहाशे मीटरच्या वर जाते, तर ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याजवळ कोकोनिनोचा फिकट पट्टा शंभर मीटरच्या आसपास. शिवाय नॅवाहोत हाडंही सापडली आहेत. सेगिसॉरस या छोट्या डायनोसॉरचा सांगाडा १९३३ साली ॲरिझोनातल्या याच खडकात मिळाला. कोकोनिनोत आजवर एकही हाड मिळालेलं नाही, सगळी मदार ठशांवर.

हे वाचून नॅवाहोकडे कल झाला तर नवल नाही. माझाही होता. तो बदलला एका कटकटीमुळे.

नॅवाहोच्या सपाट, उघड्या पृष्ठभागावर हजारो खळगे असतात. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना कल्पना येईल. तिथे कुकडी नदीनं दगडगोटे घुसळून ते कोरले, इथे साचलेल्या पावसाच्या पाण्यानं खडक कुरतडला. त्यातच अधूनमधून खरे तीन बोटांचे ठसे असतात, तेही झिजून बोथट झालेले. ऊन डोक्यावर आलं की सावली पडत नाही आणि ठसा आणि खळगा अगदी सारखे दिसू लागतात. युटातल्या कनाब गावाजवळच्या मॉकसिन माउंटनच्या ठशांकडे जायचा रस्ता खोल वाळूचा, फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय जाऊच नये असा. तिरपं ऊन हवं म्हणून संध्याकाळपर्यंत थांबावं, तर परतीची वाळू अंधारात तुडवावी लागते. दुपारी पोचलं, तर ‘हा ठसा का?’ या प्रश्नातच दिवस जातो. सोबतचे लोक आधी उत्साहानं वाकून बघतात, मग मान डोलावतात, मग सावली शोधतात.

यात आपली नजर कच्ची आहे असं समजायचं कारण नाही. कायोटी ब्यूट्समध्ये, ‘वेव्ह’ नावाचा प्रसिद्ध नागमोडी खडक आहे त्याच भागात, युटा विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी २००८ साली हजाराहून जास्त डायनोसॉर-ठसे जाहीर केले. काही आठवड्यांत जीवाश्मतज्ज्ञांनी जागा पाहिली आणि ते खळगे असल्याचं सांगितलं. त्या परिसरात खरे ठसेही आहेत, पण परवाना सोडतीनं, दिवसाला जास्तीत जास्त ६४ जणांना. एवढं करून तिथे पोचल्यावर मनात शंका राहावी, हे मला जड गेलं.

कोकोनिनोत ही शंका क्वचितच येते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून खाली जाणाऱ्या हर्मिट ट्रेल या पायवाटेनं मैलभर उतरलं की वाटेलगतच्या तिरप्या फरश्यांवर ठशांच्या रांगा दिसतात. जीवाश्मतज्ज्ञ चार्ल्स गिलमोर यांनी १९२४ साली इथेच, जागच्या जागी, ठशांचं प्रदर्शन मांडलं होतं. ठसे लहान, गोलसर, आखूड बोटांचे. पण वाकून बघा: कित्येक ठशांच्या मागच्या बाजूला, उताराकडे, वाळूची चंद्रकोरीसारखी बारीक कड उठलेली असते. चढताना पायानं मागे रेटलेली ती वाळू. फरशीचा तिरपेपणा म्हणजे त्या टेकडीचाच उतार, आणि प्राणी कुठल्या दिशेनं गेला ते बोट ठेवून सांगता येतं. बहुतेक रांगा वर चढणाऱ्याच. भूशास्त्रज्ञ एडविन मॅकी यांनी जिवंत सरडे वाळूच्या उतारावर चालवून पाहिले. उतरताना वाळू घसरते आणि ठसा मोडतो, चढतानाचा टिकतो. काही फरश्यांवर विंचू-कोळ्यांच्या नाजूक टिंबांच्या ओळीही असतात. त्या पहिल्यांदा ओळखू आल्या तेव्हा मी किती वेळ तिथेच बसून होतो!

अडचणी इथेही आहेत. हर्मिट ट्रेलची डागडुजी फारशी होत नाही, वाट खडबडीत आहे आणि उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना तिथे नेऊ नये. मार्च ते नोव्हेंबर, ही वाट सुरू होते त्या हर्मिट्स रेस्टपर्यंत खाजगी गाडी सोडत नाहीत, शटल बस धरावी लागते. पाणी वरूनच न्यायचं.

तुमच्या प्राधान्यावर बरंच अवलंबून आहे, हे मान्य. मुलांसाठी डायनोसॉर हवाच असेल आणि सॉल्ट लेक सिटीच्या बाजूला जाणार असाल, तर युटातल्याच व्हर्नल गावाजवळ रेड फ्लीटच्या तळ्याकाठी तीन बोटांचे ठसे बरे दिसतात, मात्र पाणी उतरलेलं असताना जा. बाकीच्यांनी, पाय धड असतील तर, पहाटेची पहिली बस पकडून हर्मिट ट्रेल उतरावा असं मला वाटतं. झायनच्या भिंती खालच्या रस्त्यावरूनही मनसोक्त बघता येतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीची दुपार पुरते.